नाशिकच्या जुन्या बोर्डिंगमध्ये राहायला येताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बारावीचा निकाल लागला की माझा फोन सुरू होतो. कळवणहून, सटाण्याहून, पेठहून. कुणाचे काका, कुणाचे मामा. "तुम्ही बोर्डिंगला होता ना, जरा सांगा की." मी नाशिकच्या एका शंभरी गाठलेल्या बोर्डिंगमध्ये पाच वर्षं काढली आणि आता दर जून-जुलैत प्रवेशाच्या टेबलाशी माजी विद्यार्थी म्हणून बसतो. प्रश्न तेच, उत्तरंही तीच. म्हणून एकदाचं लिहून काढलं. बोर्डिंगचं नाव मुद्दाम दिलेलं नाही, कारण खाली तक्रारीही आहेत, आणि त्या शहरातल्या बहुतेक जुन्या वसतिगृहांना थोड्याफार फरकाने लागू पडतात.

वसतिगृह म्हणायचं, होस्टेल म्हणायचं की बोर्डिंग?

अर्जावर वसतिगृह, कॉलेजात होस्टेल, तोंडात बोर्डिंग. रिक्षावाल्याला बोर्डिंगच सांगा. जुनी माणसं यात फरक करतात: होस्टेल म्हणजे नुसती खोली, बोर्डिंग म्हणजे खोली आणि दोन वेळचं जेवण. फरक बारीक वाटेल, पण या इमारती ज्यांच्यासाठी बांधल्या त्या पोरांना तोच मोठा होता.

नाशिकमध्ये इतकी जुनी वसतिगृहं कशी काय?

कारण शाळा-कॉलेज नाशकात आणि पोरं तालुक्यात. शंभर वर्षांपूर्वी बागलाणातल्या किंवा निफाडातल्या शेतकऱ्याचा मुलगा हुशार निघाला तर फी कशीबशी जमायची. प्रश्न यायचा तो, राहील कुठे आणि जेवेल कुठे? शहरात नातेवाईक नाही, खाणावळ परवडत नाही, आणि काही घरांत जातीमुळे उंबऱ्याच्या आत घेत नाहीत. शिक्षण तिथेच थांबायचं.

वाट कोल्हापूरने दाखवली. शाहू महाराजांनी तिथे आधी १८९६ मध्ये सर्वांसाठी एकच वसतिगृह काढून पाहिलं. बहुजनांची मुलं त्यात टिकेनात, तेव्हा १९०१ पासून त्यांनी एकेका समाजासाठी वसतिगृहं उभी करायला घेतली. व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग त्याच वर्षीचं. तीच हवा नाशकात आली. १९१४ मध्ये मराठा विद्या प्रसारक समाज स्थापन झाला. रावसाहेब थोरात, भाऊसाहेब हिरे, काकासाहेब वाघ, गणपतदादा मोरे ही त्या संस्थेच्या उभारणीतली नावं. १५ एप्रिल १९२० रोजी खुद्द शाहू महाराज नाशकात आले आणि उदाजी मराठा वसतिगृहाची कोनशिला त्यांच्या हस्ते बसली. गंगापूर रोडच्या त्या आवारात आज शैक्षणिक वारशाचं संग्रहालय आहे. प्रवेशासाठी आलेल्या बापलेकांना मी सांगतो, अर्ज भरून झाला की आधी ते बघून या.

पुढे १९२४ मध्ये गोखले एज्युकेशन सोसायटीचं हं. प्रा. ठा. कॉलेज, म्हणजे आपलं एचपीटी, सुरू झालं. डिग्रीसाठी पुण्या-मुंबईला जाण्याची गरज उरली नाही, तशी नाशकात खोली शोधणाऱ्यांची संख्या वाढली. कुसुमाग्रज याच कॉलेजचे विद्यार्थी.

आजही जात बघून प्रवेश देतात का?

जुन्या बोर्डिंगांच्या नावात जात दिसते, ती वरच्या इतिहासामुळे. आज सर्व समाजांची मुलं शेजारी शेजारी राहतात. माझ्या खोलीत सहा जण होतो: दोघे मराठा, एक कोकणा, एक वंजारी, एक बौद्ध आणि एक माळी. हे मला पहिल्या वर्षाच्या शेवटी शेवटी कळलं, स्कॉलरशिपचे फॉर्म भरताना. भांडणं झाली ती पंख्याखालच्या कॉटवरून.

पण सगळं गोडगोड होतं असंही म्हणणार नाही. काळाराम मंदिराचा सत्याग्रह १९३० मध्ये याच गावात झाला. इथली माणसं काही वेगळ्या मातीची नाहीत. कुठे टेबलाशी आडून जात विचारली गेली तर लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

खोली कशी असते?

मोठी. हे पहिलं सुख. नव्या फ्लॅटच्या हॉलएवढी एक खोली, उंच छत, सागवानी तुळया, दोन हात रुंद खिडकी आणि तिच्या कोनाड्यात बसून पुस्तक वाचण्याइतकी जागा. बाहेर लांबलचक पडवी. सहा लोखंडी कॉट, सहा लहान टेबलं, भिंतीतली तीन कपाटं. कपाटं तीन आणि पोरं सहा हे गणित शंभर वर्षांत कुणाला सुटलेलं नाही.

भिंती दगडी, दीड-दोन फूट जाड. मे महिन्यात बाहेर तापलेलं असलं तरी दुपारी आत शिरलं की माठाजवळ बसल्यासारखं वाटतं. थंडीत मात्र हीच भिंत वैरीण होते. नाशिकची थंडी हसण्यावारी नेऊ नका. डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली सहज उतरतो, आणि शेजारच्या निफाडचा आकडा तर दर हिवाळ्यात पेपरात पहिल्या पानावर असतो. भिंतीला टेकून लावलेली कॉट नोव्हेंबरात चार बोटं पुढे ओढायची.

भिंतीला खिळा का ठोकू देत नाहीत?

कारण गिलावा चुन्याचा आहे. चुना सिमेंटसारखा कडक नसतो. खिळा नेमका शिरत नाही, बशीएवढा पोपडा घेऊन खाली येतो. मग कुणीतरी तिथे सिमेंट फासतं आणि खरा घोळ सुरू होतो. दगड आणि चुना ओल पितात आणि सोडतात. वर सिमेंटचा थर आला की ओल आत कोंडते, क्षार बाहेर येतात, आणि दोन पावसाळ्यांत सिमेंटचा अख्खा पापुद्रा सुटतो. आमच्या पडवीतल्या एका भिंतीची अशी पाच वेळा डागडुजी झाली. पाचही वेळा सिमेंटनेच. आणि कंत्राटदारही तोच.

पोस्टर, टाइमटेबल, देवाचा फोटो: सगळं कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला.

पावसाळ्यात गळतं का?

गळतं. कौलारू इमारत आहे. माकडं आणि मांजरं कौलं सरकवतात, काही फुटतात. पावसाआधी शाकारणी झाली, म्हणजे कौलं उतरवून, फुटकी बदलून पुन्हा नीट रचली, तर पावसाळा बरा जातो. शाकारणी जाणणारे कारागीर आता कमी उरलेत आणि त्यांना मे महिन्यातच गाठावं लागतं. जूनमध्ये प्रवेश घेताना रेक्टरांना एवढंच विचारा: "यंदा शाकारणी झाली का?" उत्तर द्यायला वेळ लागला तर वरच्या मजल्यावरची खोली मागू नका.

मोबाईलला रेंज येते का?

खिडकीत येते. भिंतीची जाडी वर सांगितली आहे. आई-वडिलांनी फोन लागला नाही म्हणून घाबरू नये.

इंडक्शन, किटली, पाण्याचा रॉड चालतो का?

नाही. माझ्यावर विश्वास ठेवा, कारण हा नियम मी मोडून पाहिला आहे.

१५०० वॅटचा रॉड २३० व्होल्टला साधारण साडेसहा अँपिअर ओढतो. आमच्या विंगची लाईटची लाईन पाच अँपिअरच्या हिशोबाने ओढलेली, चिनी मातीचे जुने फ्यूज, त्यात केसाएवढी तार. एस.वाय.ला असताना स्टॅटिस्टिक्सच्या पेपरच्या आदल्या रात्री मी बादलीत रॉड टाकला. नेमका त्याच वेळी शेजारच्या खोलीतल्या एका महाशयांनीही टाकला होता, हे नंतर कळलं. टक् असा आवाज झाला आणि वरची सगळी विंग काळोखात. पडवीत पोरांचा आरडाओरडा. मी रॉड ओढून काढला आणि घाईत कॉटखाली टाकला, तर तो वळकटीला टेकला आणि सतरंजीला भाजल्याचा वास सुटला.

रेक्टर सर टॉर्च घेऊन वर आले. वास त्यांना आलाच असणार. त्यांनी कुणालाही काही विचारलं नाही. फक्त म्हणाले, "उद्या पेपर कुणाकुणाचा आहे?" तेरा हात वर झाले. तेरा जणांना त्यांनी खाली मेसमध्ये बसवलं, तिथली लाईन वेगळी होती. मला मात्र हाताला धरून मीटरपाशी नेलं, टॉर्च धरायला लावला आणि फ्यूजची तार कशी भरायची ते दाखवलं. दुसऱ्या दिवसापासून विंगचा फ्यूज उडाला की मला हाक. वर्षभर. ती सतरंजी अजून माझ्याकडे आहे, भोकासकट.

आता बऱ्याच ठिकाणी वायरिंग नवीन झालंय, पण लाकडी तुळयांखाली इंडक्शन नकोच.

मग आंघोळीला गरम पाणी?

सोलर असेल तर सकाळी पहिल्या वीस जणांना. त्यानंतर बंब.

बंब ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी: तांब्याचं उभं भांडं, मधून नळकांडं, नळकांड्यात जाळ, भोवती पाणी. सुतारकामाच्या ढलप्या, भुसा, कधी गोवऱ्या. कायदा एकच, जितकं गरम काढाल तितकं गार वरून ओता. हा कायदा मोडणारा माणूस बोर्डिंगमध्ये सगळ्यात वाईट समजला जातो, कारण त्याच्यामागून येणाऱ्याला वाफ मिळते आणि बंबाचं बूड जळतं. पहाटे साडेपाचला मोरीबाहेर बादल्यांची रांग लागते. माणसं नसतात, नुसत्या बादल्या. बादलीवर रंगाने नाव घाला. निळ्या बादल्या चाळीस असतात.

ढेकूण आहेत का?

प्रामाणिक उत्तर: असू शकतात. जुनी इमारत, लाकूड, वर्षाला बदलणारी माणसं आणि त्यांची अंथरुणं. ढेकूण उपाशीपोटी काही महिने तग धरतो, त्यामुळे उन्हाळी सुट्टीत खोली बंद राहिली की मेले असतील ही समजूत चुकीची. खोली ताब्यात घेतल्या दिवशीच कॉट बाहेर काढा, सांध्यांमध्ये, बोल्टच्या भोकांत उकळतं पाणी ओता, गादीच्या शिवणी उलट्या करून बघा. काळे ठिपके दिसले की लगेच सांगा. लाजू नका. आमच्यात एकाने लाजून दोन महिने काढले आणि अख्खी विंग खाजवत बसली.

जेवण कसं असतं?

हा खरा प्रश्न. बाकीचे सगळे याच्यासाठी विचारलेले असतात.

सकाळी दहाला आणि रात्री आठला. पोळी किंवा भाकरी, एक सुकी भाजी, एक पातळ, भात, आमटी. बुधवारी उसळ. रविवारी दुपारी फिस्ट आणि म्हणून रविवारी रात्री मेस बंद. रात्रीची सोय आपापली: कुणी मिसळ, कुणी वडापाव, कुणी दुपारच्या चार पोळ्या डब्यात लपवून. आमटीची चव वारानुसार बदलत नाही, पातळपणा बदलतो. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात तिच्यात छत दिसतं.

पण एक गोष्ट मला बाहेर कुठे मिळाली नाही. जिल्ह्याचे पंधरा तालुके त्या पंगतीत बसतात. सोमवारी सकाळी गावाहून परतलेल्या पोरांच्या पिशव्या उघडतात: पेठ-सुरगाण्याकडची नागलीची भाकरी, येवल्या-सिन्नरकडची बाजरीची, मालेगावकडून कळण्याची भाकरी आणि ठेचा, निफाडकरांकडे हंगामात द्राक्षं. मालेगाव-सटाण्याचे एकमेकांत अहिराणी सुरू करतात, सुरगाण्याचा पोरगा पहिले दोन महिने गप्प असतो आणि मग एक दिवस आपल्या बोलीत असा विनोद सांगतो की कुणाला कळत नाही तरी सगळे हसतात. माझ्या वडिलांच्या वेळी तर काही पोरांचे डबे एसटीने यायचे. सकाळच्या गाडीत आई डबा ठेवायची, कंडक्टर स्टँडवर उतरवून द्यायचा, रिकामा डबा संध्याकाळच्या गाडीने परत. डब्याच्या झाकणावर गाव आणि नाव ठोकलेलं असायचं. असा एक पितळी डबा आमच्या घरी आहे. झाकण उघडलं की आजही ठेच्याचा वास येतो असं आई म्हणते. मला येत नाही.

खाडा म्हणजे काय?

मेसमध्ये न जेवलेल्या दिवसांचे पैसे बिलातून वजा होतात, तो खाडा. बहुतेक ठिकाणी सलग तीन-चार दिवस गैरहजर असाल आणि आदल्या दिवशी वहीत सही केली असेल तरच धरतात. सही विसरलात तर गेले पैसे. मेस सेक्रेटरी मित्र असला तरी तो वही बदलत नाही. बदलली तर हिशेब कुणाच्या तरी ताटातून जातो, आणि इथे बऱ्याच घरांत मेसचं बिल कांद्याची पट्टी, म्हणजे विक्रीचे पैसे, हातात आल्यावरच भरलं जातं.

सोबत काय आणायचं?

गादी, जाड चादर, एक घोंगडी किंवा रजई. कडी-कोयंड्याला लागेल असं चांगलं कुलूप आणि त्याच्या दोन किल्ल्या. पत्र्याची ट्रंक अजून सगळ्यात भारी, उंदीर कुरतडत नाहीत आणि वर बसता येतं. बादली, तांब्या, ताट-वाटी, दोरी, चिमटे, बॅटरी. शेंगदाण्याची चटणी मोठा डबा भरून, कारण ती पहिल्याच रात्री संपणार आहे. इस्त्री आणू नका, कोपऱ्यावर इस्त्रीवाले काका असतात. सोन्याची चेन, अंगठी घरीच.

उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, आधार, बँक पासबुक, आठ-दहा फोटो आणि सगळ्याच्या झेरॉक्सचे तीन संच. तिसरा संच कशाला हे विचारू नका. लागतो.

स्टेशनवरून कसं यायचं?

नाशिकरोड स्टेशन शहरापासून नऊ-दहा किलोमीटर लांब आहे, हे बाहेरगावच्यांना माहीत नसतं. बाहेर सिटीलिंकची बस मिळते, शेअर रिक्षाही असते. एसटीने येत असाल तर आपल्या गाडीचा स्टँड आधी विचारून घ्या: जुनं सीबीएस, ठक्कर बाजार, महामार्ग की पंचवटीतलं निमाणी. ट्रंक डोक्यावर घेऊन एका स्टँडवरून दुसऱ्यावर जाणारे बाप मी दरवर्षी बघतो.

रॅगिंग होतं का?

ओळखपाळख होते, गाणं म्हणायला लावतात. तिथपर्यंत ठीक, असं मी पूर्वी म्हणायचो. आता म्हणत नाही, कारण ज्याला गाता येत नाही त्याला ती रात्र ठीक नसते. कायदा सरळ आहे. महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे, त्यात दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. यूजीसीची २००९ ची नियमावली वसतिगृहांनाही लागू आहे आणि प्रवेशाच्या वेळी विद्यार्थी-पालक दोघांकडून हमीपत्र घेतात. ते न वाचता सही करू नका, त्यात तुमचे हक्कही लिहिलेले असतात. हेल्पलाईन १८००-१८०-५५२२, चोवीस तास. नंबर मुलाच्या फोनमध्ये आईच्या नंबरखाली सेव्ह करून द्या.

गेट किती वाजता बंद होतं? उशीर झाला तर?

साडेनऊ-दहा. हजेरी त्याच सुमारास. सिनेमाचा शेवटचा शो विसरा. एकदा उशीर झाला तर वॉचमन दादा वहीत लिहितात, तीनदा झाला तर घरी फोन, त्याहून जास्त झालं तर खोली सोडायला लागते. ही शेवटची शिक्षा जुनी आहे. भगूरचे विनायक दामोदर सावरकर १९०५ मध्ये पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजच्या वसतिगृहात राहत होते. विदेशी कपड्यांची होळी केली म्हणून त्यांना दहा रुपये दंड झाला आणि वसतिगृहातून काढलं गेलं. तीच खोली आज जपून ठेवली आहे. आमच्याकडे ज्यांना काढलं ते सगळे मिसळ खायला गेलेले होते, त्यामुळे खोल्या जपायचा प्रश्न आला नाही.

अभ्यास होतो का एवढ्या गर्दीत?

रात्री अकरानंतर होतो. सहा जणांत एक तरी स्पर्धा परीक्षावाला असतो आणि त्याचा दिवा दोन वाजेपर्यंत चालू असतो; त्याच्याशी भांडू नका, डोळ्यांवर टॉवेल घ्या. दिवसा शांतता हवी असेल तर सार्वजनिक वाचनालय गाठा. १८४० सालची संस्था, नाशिककर तिला 'सावाना' म्हणतात. पहिल्याच महिन्यात सभासद व्हा. आणि मे महिन्यात परीक्षा संपून नाशकातच अडकला असाल तर संध्याकाळी गंगेवर वसंत व्याख्यानमाला असते. फुकट. वारा असतो. वक्ता कंटाळवाणा निघाला तर नदी आहेच.

(गंगा म्हणजे गोदावरी. नाशकात गोदावरी फक्त पाटीवर लिहितात.)

इमारतीत भूत आहे म्हणतात?

तिसऱ्या विंगच्या शेवटच्या खोलीत. दरवर्षी तिथल्याच पोराला जास्त मार्क पडतात, एकटाच असल्यामुळे. रात्री ऐकू येणारा कटकट आवाज लाकडाचा: दिवसभर तापलेल्या तुळया रात्री गार होताना आवळतात. पावलांचा आवाज मांजराचा. दार आपोआप उघडतं कारण बिजागरी झिजली आहे. एवढं सांगूनही मी स्वतः रात्री दोनला त्या बाजूच्या मोरीत कधी गेलो नाही.

सणावाराला बोर्डिंगमध्ये थांबलं तर काय?

दिवाळीत थांबू नका, मेस बंद असते आणि वॉचमन दादाही उदास असतात. रंगपंचमीला मात्र मुद्दाम थांबा. नाशिक धुळवडीपेक्षा रंगपंचमीला रंगतं, आणि ते रहाडींमुळे. रहाड म्हणजे पेशवेकालीन दगडी हौद, वर्षभर रस्त्याखाली बुजवलेला. त्यावरून गाड्या जातात, कुणाला पत्ता नसतो. रंगपंचमीला तो उघडतात, पूजा होते, रंगाने भरतात आणि पोरं वरून 'धप्पा' मारतात. जुने कपडे घाला. घरच्या चादरीवर त्या रात्री झोपू नका, रंग चार धुण्यांत जात नाही.

पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की अख्खं बोर्डिंग पूर बघायला निघतं. नाशिककरांचं माप ठरलेलं, घाटावरची दुतोंड्या मारुतीची मूर्ती: मारुतीच्या गुडघ्यापर्यंत आलं, कमरेपर्यंत आलं, छातीपर्यंत आलं. मी २००८ चा सप्टेंबर पाहिला आहे. पुलावर उभे राहून पाहा, घाटावर उतरू नका. पोहता येणाऱ्यांनी तर अजिबात नाही, तेच आधी उतरतात.

मुलींसाठी अशी जुनी बोर्डिंग आहेत का?

मुलींची वसतिगृहं आहेत, पण शंभर वर्षांपूर्वी ज्यांनी पोरांसाठी तुळया चढवल्या त्यांच्यातल्या बहुतेकांच्या डोक्यात पोरींचं नंतर आलं. त्यामुळे त्यांच्या इमारती नव्या, पाणी चांगलं आणि गेट आमच्यापेक्षा दीड-दोन तास आधी बंद. माझी धाकटी बहीण अशा वसतिगृहात होती. ती म्हणते, ढेकूण चालले असते पण ते गेट नको.

जागा मिळाली नाही तर?

यादी लागली म्हणजे संपलं असं नाही. ऑगस्टपर्यंत इंजिनिअरिंग-मेडिकलच्या फेऱ्या चालतात, पोरं सोडून जातात, खाटा रिकाम्या होतात. दर आठ दिवसांनी जाऊन विचारा. फोनवर नाही, समोर.

दरम्यान सरकारी योजनांसाठी अर्ज करा. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना सरकारी वसतिगृह मिळालं नाही तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना. अनुसूचित जमातीसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम योजना. ओबीसींसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. पैसे थेट खात्यात येतात, पण उशिरा येतात. पहिले चार-पाच महिने घरूनच काढायचे असा हिशेब धरा. आदिवासी विकास आयुक्तालय नाशकातच आहे, गडकरी चौकात, तेव्हा त्या मुलांनी कागद अडला तर चिठ्ठ्या-अर्जांवर न राहता स्वतः जावं.

पहिल्या आठवड्यात मुलगा फोनवर रडतो. घरी आणू का?

लगेच नको. आधी विचारा की जेवला का. रडणाऱ्यांतले निम्मे उपाशी असतात, कारण ताट घेऊन अनोळखी पंगतीत बसायचा संकोच वाटतो. मीही पहिले तीन दिवस केळी खाऊन काढली. चौथ्या दिवशी मेसच्या मावशींनी दारातच अडवलं. "कोणत्या गावचा रे?" कळवण म्हटलं. "मग भाकरी खाणारा हायेस, पोळ्या कशाला बघत बसतो," म्हणून त्यांनी स्वतःसाठी थापलेली भाकरी दिली. एवढं खरं की त्रास कसला ते मुलाने सांगितलं नाही आणि गप्पच होत गेला, तर आठवडा मोजत बसू नका. गाडीत बसा आणि या.

सोडताना डिपॉझिट परत मिळतं का?

मिळतं. बल्ब, काच, कुलूप, लायब्ररीचं पुस्तक यांचे पैसे कापून. पावती जपून ठेवा, पाच वर्षं म्हणजे पाच वर्षं. माझ्या डिपॉझिटमधून फ्यूजच्या तारेचे अकरा रुपये कापले होते.